अकरा माणसं, एक पार्क आणि मे महिन्याचं ऊन : बेळगावच्या एका कुटुंबाचं प्रकरण

माणसं अकरा, घरं तीन, आणि शाळा दोन राज्यांच्या. थोरले बंधू शिक्षक, खानापूर रोडला राहतात. त्यांच्याबरोबर पत्नी, एकाहत्तर वर्षांच्या आजी, नववी झालेली मुलगी आणि पाचवी झालेला मुलगा. धाकट्यांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप; घरी बायको आणि तीन वर्षांची पोर. बहीण कोल्हापुरात दिलेली. ती, तिचे यजमान आणि बारा वर्षांचा मुलगा. बेळगावातल्याच शहापुरात माझं बुकिंगचं ऑफिस आहे आणि या घराची तिकिटं गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच निघतात. त्यांच्या परवानगीनं, नावं न घालता, यंदाच्या सहलीचं प्रकरण लिहिते आहे. उन्हाळ्यात थीम पार्कला निघणारी बरीच घरं ज्या एका गोष्टीवर अडतात (रात्रीची गाडी, की दिवसाची), तीवरच हे घरही अडलं होतं.

आधी तारखा. सीमाभागात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मे संपता संपता शाळा उघडते. महाराष्ट्रात सुट्टी मे लागल्यावर, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे बेळगाव-कोल्हापूरची मावस-मामे भावंडं एकत्र मोकळी सापडतात ती फक्त मे महिन्यात. त्या मेमध्येही पहिला पंधरवडा लग्नांचा. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागला, त्यामुळे सगळ्यांनी मुहूर्त त्याच्या आत कोंबले होते. या घरात दोन लग्नं आणि आजीच्या माहेरची यात्रा. अधिक महिन्याचा फायदा मात्र झाला. धोंड्याच्या जेवणाला जावई बेळगावला येणारच होते. १८ तारखेला सोमवारी जेवण, अनारसे, जावयाचा मानपान, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून निघायचं, असं बहिणीनंच फोनवर ठरवून टाकलं. ‘कुठं’ हे अजून ठरायचं होतं.

जावयांचं म्हणणं इमॅजिका. खोपोलीजवळ, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाला लागून, २०१३ साली सुरू झालेलं पार्क. मोठा रोलर कोस्टर, शेजारी वॉटर पार्क, स्नो पार्क. मुलांनी व्हिडिओ पाहून पाठ केलेलं. कोल्हापूरहून ते जवळ पडतं हे खरं. थोरल्यांच्या मुलीला बेंगळूरचं वंडरला हवं होतं, कारण वर्गातल्या तिघी जाऊन आल्या होत्या. धाकटे म्हणाले, “टेम्पो ट्रॅव्हलर करूया की ओ, दोन्हीकडं सारखंच अंतर.”

सारखं नाही, पण फार वेगळंही नाही. बेळगावहून खोपोली चारशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळूर पाचशे. फरक रस्त्यात आहे. पुण्याकडं निघालं की हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोलनाके, कागल ते सातारा सहापदरीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते, मग खंबाटकी, मग कात्रज ते देहू रोडची गर्दी. मे महिन्यात तीन वर्षांचं पोर आणि आजी गाडीत घेऊन हा प्रवास दहा तासांच्या आत होईल असं मी कुणालाही सांगत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र रस्त्याला नव्हता, हवेला होता. खोपोली बोर घाटाच्या पायथ्याशी. कोकणची दमट हवा तिथं सह्याद्रीला येऊन थडकते. आपलं शरीर उन्हात थंड राहतं ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम नुसता ओघळतो, कपडे चिकटतात आणि आतली उष्णता आतच राहते. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा सदतीसला टेकला तरी झाडाखाली बसलं की बरं वाटतं, संध्याकाळी वळीव झाला तर रात्री पांघरूण लागतं. अशा हवेत वाढलेल्या माणसाला घाटाखालची घामट दुपार सोसत नाही. शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात; एका दिवसाच्या सहलीत ती होत नाही. बेंगळूर साधारण नऊशे मीटरवर, वंडरला जिथं आहे ती बिडदी त्याहून खाली. मेमध्ये तिथं दिवसाचं तापमान सरासरीनं तेहतीस-चौतीसच्या घरात. ऊन लागतंच, पण घाम वाळतो.

त्यात १५ मेच्या सुमारास खोपोलीच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावली म्हणतात. भिंतीची, कठड्याची, पाटीची सावली त्या वेळी पडतच नाही. छप्पर असेल तरच सावली. बेळगावात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, बेंगळूरला एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात. २० मेला बेंगळूरलाही सूर्य काही फार कललेला नसतो, तेव्हा हा मुद्दा मी उगाच ताणला नाही. जावयांना पटला तो घामाचा मुद्दा, कारण त्यांना एकदा मालवणला मेमध्ये त्रास झालेला. वंडरला ठरलं.

खरा वाद पुढं झाला, रात्रीच्या गाडीवरून.

थोरल्यांचा हिशेब सरळ होता. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी बेंगळूरला उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुऊन बिडदी गाठायची, दिवसभर पार्क, रात्री परत गाडी. लॉजचा खर्च शून्य. निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक मला हाच बेत सांगतं, आणि डिसेंबरमध्ये मी निमूट तिकिटं काढून देते. मेमध्ये मात्र देत नाही.

कारण पार्कची वेळ. उन्हाळ्यात फिरायचा आपला नियम सगळ्यांना ठाऊक आहे : पहाटे निघा, दहाच्या आत आटपा. किल्ल्यावर, देवळात, जंगलात तो चालतो. ही मोठी पार्कं उघडतातच साडेदहा-अकराला. म्हणजे दिवसातली थंड वेळ तुम्हाला पार्कात मिळतच नाही. गेट उघडतं तेव्हा ऊन तापलेलं असतं आणि पुढचे पाच तास ते चढतं किंवा तसंच राहतं. लवकर जाऊन ऊन चुकवणं तुमच्या हातात नाही. हातात काय असतं, तर गेटवर पोचताना अंगात किती दम आहे ते. रात्रभर गाडीत अर्धवट झोपलेलं, कमी पाणी प्यालेलं (गाडीतल्या संडासाच्या धास्तीनं बायका पाणी पीतच नाहीत, हे लिहूनच टाकते), सकाळी घाईत काहीतरी खाल्लेलं शरीर अकरा वाजता उन्हात उभं केलं की दीडपर्यंत कुणीतरी आडवं होतं. झोप अपुरी असली की उष्णता कमी सोसते, हे डॉक्टरही सांगतात.

म्हणून मी दिवसाची गाडी सुचवली. १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे बेळगाव सोडते, साडेआठ तासांत बेंगळूर. मंगळवारी १९ ला जायचं, दुपारी उतरायचं, संध्याकाळपर्यंत बिडदीला लॉजवर, नऊला झोप. बुधवारी पार्क. गुरुवारी दुपारच्या वंदे भारतनं परत, रात्री अकराच्या आत घर.

“म्हणजे एका दिवसाच्या पार्कसाठी तीन दिवस?” थोरल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि दोन रात्री लॉज? खोल्या चार?”

“तीन. आजी आणि मुली एका खोलीत.”

“तिकीटही महाग चेअर कारचं.”

“महाग आहे.”

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्या आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की रात्रीच्या गाडीनं गेलो तर आजींना दिवसभर कुठं बसवायचं. मी म्हटलं, पार्कातच, बाकावर, अकरा ते सहा, रात्रीच्या जागरणावर. वहिनींनी तिथूनच घरी फोन लावला. पैसे वाचवायची जागा मी त्यांना दुसरीकडं दाखवली : पार्कचं बुधवारचं तिकीट सहसा शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतं, आधी ऑनलाइन काढलं तर आणखी, ज्येष्ठांना सवलत असते. शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगा आखूड. मेमध्ये आखूड रांग म्हणजे तेवढं कमी ऊन. बचत इथंच होते.

आजींना लॉजवर ठेवून जावं असा एक विचार निघाला होता. आजींनी तो एका वाक्यात मोडला, “मी काय तुमची बोचकी राखायला येऊलाव काय?” मग त्यांच्यासाठी वेगळी आखणी केली. त्यांना रक्तदाबासाठी जी गोळी आहे, तिनं लघवी जास्त होते. अशा गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ उन्हात लवकर उतरतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ते त्यांनी केलं. दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि गुंगी येते. रेल्वेनं जायचं असल्यानं या घरात ती लागलीच नाही, पण घाटातून बसनं जाणाऱ्यांनी पार्कच्या दिवशी सकाळी ती घेण्याआधी विचार करावा.

मोठ्या माणसांनी तासातासाच्या पाळ्या लावायच्या, एक जण कायम आजी आणि तीन वर्षांच्या पोरीजवळ, छपराखाली. हा कागद मी लिहून दिला आणि फ्रीजवर लावायला सांगितलं, नाहीतर पाळी कायम वहिनीचीच लागते.

निघण्याआधी उंची मोजून घ्यायला सांगितली. वंडरलात मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं : ८५ सेंटिमीटरच्या खाली फुकट, १४० पर्यंत मुलांचं, त्यावर मोठ्यांचं. आणि मोठ्या राइड्सनाही उंचीचीच अट. धाकटे उद्यमबागेतले, त्यांनी स्टीलचा टेप आणला, पोरांना भिंतीला टाचा लावून उभं केलं, डोक्यावर गुण्या धरला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. पाचवीतला निघाला १३८. त्यानं तीनदा मोजून घेतलं, शेवटी केस ओले करून वर उभे केले. गुण्या केसांवर टेकत नाही, टाळूवर टेकतो. त्याला घरीच कळलं की कुठल्या राइड्सवर सोडणार नाहीत. ते रडणं खानापूर रोडवर झालं, उन्हात अर्धा तास रांगेत उभं राहून गेटवर नाही.

कपड्यांचं कलम बायकांच्या जिव्हाळ्याचं. पाण्याच्या राइड्सना सुती कपडे, साडी, ओढणी चालत नाही. नायलॉन किंवा तशाच कापडाचे पोहण्याचे कपडे लागतात. तिथल्या दुकानात मिळतात, पण आपल्या मापाचे आणि मनाजोगे मिळतीलच असं नाही. वहिनी आणि धाकटी जाऊ गणपत गल्लीत जाऊन पूर्ण बाह्यांचे टॉप आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग घेऊन आल्या. लाज म्हणून घेतले असतील, पण पाण्यात असताना ऊन लागलेलं कळत नाही आणि रात्री खांदे पेटतात. पूर्ण बाह्यांनी ते टळलं. पुरुषमंडळींनी नुसत्या चड्डीवर भागवलं आणि सनस्क्रीन ‘एकदा लावलं की’ म्हणून सोडून दिलं. ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं असतं. परत आल्यावर धाकटे चार दिवस बनियन घालू शकले नाहीत.

मंगळवारी बेंगळूर स्टेशनवरून बिडदीला जायला मिनी बस. जांभळ्या मेट्रोनं चल्लघट्टापर्यंत जाता येतं आणि एकट्यादुकट्याला मी तेच सांगते, पण आजी, पोर आणि नऊ बॅगा घेऊन नाही.

बुधवारी सकाळी बिडदीची तट्टे इडली खाऊन साडेदहाला मंडळी गेटवर. पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून पोटभर न्याहारी बाहेरच. औषधाच्या डब्यात ओआरएसची पाकिटं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. दाट केलं की उलट त्रास होतो.

वेळेची आखणी करताना मी रूढ सल्ला थोडा फिरवला होता. सगळे सांगतात, दुपारी पाण्यात जा. सगळे जातात, आणि एक वाजता पाण्यात गर्दीच गर्दी. शिवाय मेच्या तिसऱ्या आठवड्यात बेंगळूरकडं दुपारनंतर ढग भरतात, आणि विजा कडाडायला लागल्या की उंच, उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, तलावही रिकामे करतात. तेव्हा ज्यांच्यासाठी मुलं आली त्या उंच राइड्स अकरा ते साडेबारा, एका दमात. गर्दीच्या आधी, साडेबाराला जेवण. दोनपर्यंत छपराखाली : बंदिस्त राइड्स, शो, नुसतं बसणं. दोननंतर पाणी. हा मधला दीड तास वसूल होत नाही असं मुलांना वाटतं, आणि मोठ्यांनाही. तिकिटाचे पैसे दिलेत ना. पण तो दीड तास सोडला तरच चारनंतरचे दोन तास मिळतात.

नऊ जणांनी तो सोडला. जावई गेले.

दोन ताटं जेवून झाल्यावर त्यांना आठवलं, की एका राइडला सकाळी फार मजा आली होती आणि आता रांग नाही. रांग नव्हती, कारण ऊन होतं. सोबत मुलगा. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्याला उभे असताना त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली, मळमळलं. सकाळपासून पाणी त्यांनी भरपूर प्यालं होतं, पण नुसतं पाणी. घामातून मीठ जात राहिलं आणि भरून निघालं नाही की स्नायू असे आखडतात. मुलगा धावत आजींकडं आला. आजींनी आधी विचारलं, “बोलूलेत काय नीट?”

हा प्रश्न नेमका होता. माणूस नीट उत्तर देतोय, घाम येतोय, अंग चिकट आहे, तर तो उष्णतेनं थकलाय : सावलीत आडवा करायचा, पाय वर, कपडे सैल, ओला पंचा मानेवर आणि काखेत, वारा, आणि घोट घोट ओआरएस. बोलणं असंबद्ध झालं, तोल जातोय, अंग भाजल्यासारखं तापलंय, फिट आली, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. तिथं सावलीत बसवून वाट बघायची नाही, थेट प्रथमोपचार कक्ष आणि १०८. अंगावर पाणी ओतत राहायचं, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. जावई नीट बोलत होते. बायकोला सांगू नका, म्हणत होते. अर्ध्या तासात उठून बसले. तरी थोरल्यांनी त्यांना पुढं पाण्याखेरीज कशात जाऊ दिलं नाही.

पावणेचारला ढग आले, गडगडलं, सगळ्यांना पाण्यातून बाहेर काढलं. उंच राइड्सही थांबल्या. आजूबाजूला बरीच पोरं मुसमुसत होती, ज्यांनी उंच राइड्स संध्याकाळसाठी राखून ठेवल्या होत्या. या घराच्या वाट्याला फक्त लाटांच्या तलावाची दुसरी फेरी हुकली. पाऊण तासानं काही राइड्स सुरू झाल्या, हवा एकदम गार, आणि नववीतल्या मुलीनं तिचा कोस्टर पुन्हा गाठला. आजी या वेळी पाळीवर असलेल्या धाकट्यांना घेऊन पोरांच्या गोल फिरणाऱ्या कपबशीत बसल्या. फोटो माझ्याकडं आला आहे. धाकट्यांचा चेहरा आजींपेक्षा घाबरलेला दिसतो.

हिशेब गुरुवारी गाडीत झाला. चेअर कार आणि लॉज यांनी खर्च रात्रीच्या गाडीच्या बेतापेक्षा चांगलाच वाढला. ते मी आधी सांगितलं होतं आणि आताही लपवत नाही. ज्यांना तो झेपत नाही त्यांना मी मेमध्ये पार्कच नको, डिसेंबरला रात्रीच्या गाडीनं जा, असं सांगते. थोरल्यांनी लॉजचं बिल तिन्ही घरांत माणशी न वाटता घरटी वाटलं, त्यावरून धाकट्यांची थोडी कुरकुर झाली, कारण त्यांचं माणूस अडीच. लॉकरची अनामत परत घ्यायची राहिली होती, ती जावयांनी स्वतःच्या खिशातून भरली. धोंड्याच्या महिन्यात जावयाकडून पैसे घेतले म्हणून आजी हुबळीपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

आता कोल्हापूरकरांना खोपोलीला जायचंच आहे. पावसाळा सरल्यावर, असं मी म्हटलं. ऑक्टोबर तापतो, तेव्हा नोव्हेंबर बरा. पण अधिक महिन्यामुळे यंदा सण पुढं सरकले आहेत : दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. बेळगावच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, कोल्हापूरच्या शाळांना दिवाळीची. दोन्हीकडची पोरं एकदम मोकळी सापडतात ते दिवाळीचे दोन-तीन दिवस, आणि त्यात पाडवा-भाऊबीज. थोरल्यांची मुलगी त्या वेळी दहावीत असेल. तारीख अजून निघालेली नाही.